सोडली

लिहिलेलं मोठ्यानं वाचून बघायची मला सवय आहे. घरात ऐकणारं कुणी नसतं; म्हणजे माणसं असतात, ऐकत नाहीत. म्हणून सकाळी दहा-साडेदहाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी वाचायचं आणि ओट्याशी मावशींनी भाकऱ्या थापायच्या, असं आमचं बऱ्याच वर्षांचं चाललंय. त्या ऐकतात का, हे मी कधी विचारलं नव्हतं. आषाढातला शुक्रवार होता. पंचगंगेचं नवं पाणी घेऊन टेंबलाई देवीच्या टेकडीला निघालेल्यांचं पी-ढबाक गल्लीतून वाजत गेलं होतं. मागे राहिला होता तो ओल्या रस्त्याचा आणि कुणाच्या तरी घरच्या मटणाच्या फोडणीचा वास. मी माझ्या गोष्टीतला सगळ्यात लाडका परिच्छेद वाचत होते. राज्याची वारस असलेली कासारी, चुलीवर, म्हणजे गादीवर, बसायच्या आदल्या रात्री, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून आईच्या पुढ्यात ठेवते आणि अनवाणी टेकडी चढायला लागते. वर देवीचं ठाणं आहे, तिथं ती पुजारीण होणार आहे. मागं वळून बघत नाही. परिच्छेदाचं शेवटचं वाक्य होतं, 'कासारीनं चूल सोडली.' हे वाक्य मी आठवडाभर घोळवलं होतं. वाचून झाल्यावर जरा थांबले, दाद मिळावी तशी. परातीतली थपथप काही थांबली नाही. त्याच तालात मावशी म्हणाल्या, "म्हंजे देवीला सोडली म्हणा की पोरीला."

भाकरी तव्यावर गेली, वरून पाण्याचा हात फिरला. "आमच्या थोरलीला बी सोडलीती," असं तव्याकडे बघतच म्हणाल्या आणि पुढचा उंडा मळायला घेतला. त्या गडहिंग्लजच्या बाजूच्या. मी पुढं काही विचारलं नाही. लॅपटॉपवर ते वाक्य तसंच होतं, कर्सर लुकलुकत होता.

क्रियापद एकच. तिनं सोडली, तिला सोडली.

ही गोष्ट मी दहावीत असल्यापासून लिहितेय, असं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. 1989 साल, फुलस्केप वही, मागच्या पानापासून सुरुवात, कारण पुढच्या पानांवर बीजगणित होतं. भूगोलाच्या बाईंनी पंचगंगेच्या पाच नद्या पाठ करून घेतल्या होत्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती. नकाशावर दाखवायची वेळ आली तेव्हा चार सापडल्या. पाचवी कुठाय, तर बाई म्हणाल्या, ती गुप्त आहे. एवढ्यावर माझं राज्य उभं राहिलं. पंचधार त्याचं नाव. तिथं राज्य आईकडून लेकीकडे जायचं, आणि गादी असा शब्द खरं तर नव्हताच. सत्तेला 'चूल' म्हणायचे. अमकीच्या चुलीत, तमकीच्या चुलीत, अशा कालगणना. राणी भोगावती, तिची थोरली कासारी, धाकटी कुंभी. देवळातल्या पुजारणीला नाव नसायचं. एकदा वर गेली की नाव खाली राहायचं. आधी मी तिला 'गुप्ता' म्हणत होते, पण ते आडनाव वाटायला लागलं, म्हणून 'पाचवी' केलं. पुरुष त्या राज्यात भांडी घासायचे. माझ्या धाकट्या भावानं हे वाचून ते पान फाडलं आणि त्याची होडी करून रंकाळ्यात सोडली. (बघा, इथंही तेच क्रियापद.)

भाषेचीही एक गंमत त्यात होती. आमच्याकडच्या बायका 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. पुण्याची माझी नणंद पहिल्यांदा आली तेव्हा सासूबाईंनी दारातूनच "थांब, मी आलो" म्हटलं, तर ती मागं बघायला लागली, कोण आलं म्हणून. मला लहानपणी यात काही वेगळं आहे हे ठाऊकच नव्हतं. कळलं तेव्हा मी पंचधारच्या पुरुषांना 'मी आले', 'मी भांडी घासते' असं बोलायला लावलं आणि फार मोठी क्रांती केल्यासारखं वाटलं. आता वाटतं, क्रांती कसली. बाईनं पुरुषासारखं बोलून इथं कुणाचं काय बिघडलंय? 'मी सही करतो' असं ती खुशाल म्हणू शकते. सही कुठल्या कागदावर, ते दुसरंच कुणी ठरवतं.

कासारी मला कुठं भेटली, ते सांगायला हवं. माझ्या वर्गात एक मुलगी होती. घराणं राजकारणातलं. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. या जिल्ह्यात अशी घरं इतकी आहेत की कुठलंही धरा. तिचे वडील तिला जीपमध्ये पुढं बसवून सभांना न्यायचे. ती आठवीत असताना मी तिचं भाषण ऐकलंय. फेटेवाली माणसं खाली सतरंजीवर बसलेली, मागं उसाच्या ट्रॉल्या उभ्या, आणि ही दोन वेण्यांची पोरगी माइक खाली ओढून घेऊन पाणीपट्टीवर बोलतेय. आकडे तोंडपाठ. मधे एकानं काहीतरी खोच मारली, तर तिनं त्याच्या बापाचं नाव घेऊन उत्तर दिलं, सगळा तळ हसला. माणसं म्हणायची, साहेबांना वारस सापडला. 'वारस' हा शब्द पुल्लिंगी आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिचा भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी लहान. तो कॉलेजात गेला तसं बॅनरवर तिचं तोंड हळूहळू सरकत गेलं. आधी वडिलांच्या शेजारी, मग खालच्या रांगेत, मग 'शुभेच्छुक'मध्ये, मग नाहीच. कुणी भांडलं नाही. आमच्याकडे अशा घरांत 'बघणं' वाटलेलं असतं. थोरले कारखाना बघतात, काका दूध बघतात, दादा पक्षाचं बघतात. आणि ताई? ताई देवस्थान बघतात.

तिनं लग्न केलं नाही. गावातलं देवीचं देऊळ त्यांच्याच घराण्याकडे होतं. जुना पुजारी थकल्यावर पूजाच तिनं हातात घेतली. वर्तमानपत्रात फोटो आला होता, वारसा सोडून भक्तिमार्गाकडे, अशा थाटाचा मथळा. मी तो कापून वहीत चिकटवला. त्या रात्री कासारीनं किल्ल्या ठेवल्या आणि टेकडी चढली. मला ते फार सुंदर वाटलं होतं. अजूनही वाटतं, तीच तर अडचण आहे.

मावशींचं वाक्य मात्र पाठ सोडेना. रात्री झोप लागेना म्हणून मी उगाच जुनं चाळत बसले. कावळा नाक्यावरून जाताना घोड्यावरच्या ताराराणींकडे मान आपोआप वर जाते. 1700 मध्ये राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेब मरेपर्यंत, म्हणजे 1707 पर्यंत, लढाई त्यांनी चालवली, 1710 मध्ये करवीरची गादी उभी केली, हे आपल्याला शाळेपासून पाठ. पण 1714 मध्ये त्यांना गादीवरून खाली कुणी उतरवलं? राजसबाईंनी. सवतीनं. स्वतःच्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं आणि ताराराणींना मुलासकट पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. एका बाईनं दुसऱ्या बाईला दूर केलं आणि दोघींच्याही मधे एकेक मुलगा होता. माझ्या पंचधारमध्ये मुलगे मधे नव्हते, म्हणून तिथं कैद नसणार असं मी धरून चालले होते. आता विचार केला, भोगावतीला थोरल्या लेकीचं बोलणं जड जात असेल, तर ती काय करील? पन्हाळा नाही दाखवणार. टेकडी दाखवील. हारतुरे घालील, वाजतगाजत नेऊन पोचवील. कैदेत टाकलेल्या बाईविषयी निदान लोक हळहळतात. देवीजवळ बसवलेल्या बाईच्या तर पाया पडतात, तिला काही विचारत नाहीत.

आणि हे काही आपलंच नाही. जिच्या नावानिशी लिखाण उरलंय अशी जगातली पहिली लेखिका म्हणून जिला ओळखतात, ती एन्हेदुअना, सुमारे 4300 वर्षांपूर्वीची, अक्कडच्या सार्गोन राजाची मुलगी. बापानं तिला ऊर शहरात चंद्रदेवाची मुख्य पुजारीण करून बसवलं. ऊर नुकतंच जिंकलेलं, तिथं आपलं माणूस देवळात असणं सोयीचं. म्हणजे पोरीला देवाजवळ बसवणं हीसुद्धा राज्य चालवायचीच एक रीत. पुढं बंड झालं, तिला देवळातून हाकललं, आणि तिनं काय केलं, तर देवीला उद्देशून कवितेत आपली तक्रार मांडली. वाचता वाचता मी थबकले. मलाही कासारीला बोलतं करायचं होतं, पण तिच्या तोंडी मी पस्तीस वर्षांत एकही तक्रार घातली नव्हती. शांत, तेजस्वी, निरिच्छ. दहावीतल्या मुलीला असं वाटणं ठीक होतं. मला कशाला वाटत राहिलं?

उलट बाजूही दिसली, नाही असं नाही. मेघालयात खासी लोकांत आईच्या नावानं कूळ चालतं. तिथल्या ख्यरिम संस्थानात, स्मित गावी, का सियेम साद म्हणून मुख्य पुजारीण असते, आणि सियेम म्हणजे राजा होतो तो तिचा मुलगा किंवा भाचा. राज्य पुरुष करतो, पण ते त्याच्याकडे येतं तिच्या कुशीतून, आणि कुळाची पूजा तिच्याच हातात. आता हिला काय म्हणायचं? सत्ता सोडलेली, की सत्ता जिच्यातून वाहते ती गुप्त नदी? मला क्षणभर फार आनंद झाला, माझी 'पाचवी' खरीच कुठंतरी आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी मावशींना सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं बी गादीवर पोरगाच व्हय?" मी म्हटलं, हो. "मग," म्हणाल्या, आणि भाजीत मीठ घातलं.

'देवीला सोडणे' हा शब्दप्रयोग आपण किती सहज ऐकलाय. वळू सोडतात, कोंबडं सोडतात, पोरगी सोडतात. केसांत जट दिसली, पोरगा होईना, घरात आजारपण निघालं, की सोडायची. शाहू महाराजांनी 1920 मध्येच करवीर संस्थानात जोगतिणी-मुरळ्यांच्या चालीविरुद्ध कायदा केला. म्हणजे मावशींच्या थोरलीच्या वेळी कायदा जुना झाला होता, तरी सोडली. सोडण्यात गंमत अशी की दोर सुटल्यासारखं वाटतं, आणि असतं नेमकं उलटं. वळू निदान कुठल्याही शेतात तोंड घालतो. माझ्या कासारीचं घर मोठं, तिचं देऊळ संगमरवरी, म्हणून तिला 'त्याग' हा शब्द मिळाला. घर गडहिंग्लजच्या बाजूचं, कोरडवाहू, तर शब्द वेगळा. मी हे लिहून बघितलं आणि खोडलं, कारण दोन्ही दुःखं एका मापाची नाहीत, हे मलाही कळतं. एकीला ट्रस्टची गाडी आहे. दुसरीचं काय झालं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ललिता पंचमीला मी टेंबलाईला गेले. बऱ्याच वर्षांनी. गर्दी मला आता सोसत नाही, पण त्या दिवशी अंबाबाई पालखीतून जिला भेटायला जाते, तिलाच बघायचं होतं. कथा तुम्हाला माहीतच आहे. कोल्हासुराशी झुंज झाली, विजयाचा सोहळा झाला, आणि ज्या त्र्यंबोलीनं, म्हणजे टेंबलाईनं, देवांना सोडवलं तिलाच बोलवायचं राहिलं. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाईला लवाजम्यासकट टेकडी चढून यावं लागलं, अजून दरवर्षी यावं लागतं. मी हे लहानपणापासून ऐकतेय, पण आपण नेहमी अंबाबाईच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून ऐकतो, बघा, एवढी मोठी पण समजूत काढायला आली. त्र्यंबोलीच्या बाजूनं कुणी सांगत नाही. ती बोलावलं नाही म्हणून नुसती बसली. बसून राहिली. बसून राहण्यानं वर्षातला एक दिवस अख्खं कोल्हापूर तिच्या पायरीशी येतं. पण वर्षात दिवस किती असतात, तेही आहेच. कुमारिकेच्या हातून कोहळा फुटला तशी माणसं तुटून पडली. पोरं एकमेकांच्या अंगावर चढत होती, कुणाच्या हाताला गर, कुणाच्या हाताला नुसती साल. माझ्या चपलेवर कोहळ्याचं बी चिकटून आलं.

ती तिथं भेटली. माझी वर्गमैत्रीण. ठसठशीत कुंकू, हातमागाचं लाल लुगडं, केस मेंदीनं तांबूस झालेले, आवाज मात्र तोच, माइक नको असलेला. "काय गं, अजून लिहितेस का ते बायकांचं राज्य?" म्हणाली. मला धस्स झालं. तिला आठवत असेल असं वाटलं नव्हतं, आणि त्यातली कासारी म्हणजे तीच, हे तर मी कुणालाच सांगितलं नव्हतं. चहाच्या टपरीमागं दगडावर बसलो. मी आडून आडून विचारायला गेले आणि शेवटी सरळच विचारलं, तू सोडलंस, का तुला सोडायला लावलं? ती बराच वेळ कागदी कपाच्या कडेला दातानं दुमडत राहिली. मग म्हणाली, "दर निवडणुकीला फॉर्म भरायच्या आधी दादा येतो. अंगारा लावून घेतल्याशिवाय जात नाही. मी आत असतो. स्नान, अभिषेक, आरती, सगळं आटपल्याशिवाय मी काही बाहेर येत नाही. मागच्या खेपेला पावणेदोन तास बसवला पायरीवर. बाहेर गाड्यांची रांग, फोनवर फोन, आणि साहेब आपले मांडी घालून." तिला हसू आवरेना. मीही हसले. डोळे पुसत तिनं कप चुरगळला. "देवीला काय घाई असते? मी अजून एकदा जास्वंद धुतो."

मग उठताना म्हणाली, "फॉर्मवर सही त्याचीच असते पण."

पालखी परत निघाली होती. ती गर्दीत शिरली, आणि तिच्यासाठी गर्दीनं वाट करून दिली, कुंकू बघून की घराणं ओळखून, ते मला कळलं नाही. खाली उतरताना दुपारचं ऊन असं तिरपं होतं की मला अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आठवला. गोष्टीत मी तोही चोरलाय. वर्षातून दोनदा मावळतीचा सूर्य 'पाचवी'ला भेटायला येतो, पहिल्या दिवशी पायाशी, दुसऱ्या दिवशी कमरेशी, तिसऱ्या दिवशी तोंडावर. आम्ही दोघी कॉलेजात असताना महाद्वारात उभ्या राहून ते बघायला जायचो आणि मधे एखादी इमारत आली की तिसऱ्या दिवशी किरण तोंडापर्यंत पोचतात की नाही, यावर पैज लावायचो. ती नेहमी 'पोचतात' म्हणायची.

दिवाळीनंतर मी तो परिच्छेद पुन्हा लिहिला. किल्ल्यांचा जुडगा तसाच ठेवला, पण आता तो कासारी ठेवत नाही. आईच लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकता टाकता दुसऱ्या हातानं तो तिच्या कमरेचा अलगद काढून घेते. वाजंत्री चालू असते, कुणाच्या लक्षात येत नाही. कुंभी चुलीवर बसते आणि वर्षातून एकदा टेकडी चढून येते. कासारी आत फुलं धूत असते. कुंभी पायरीवर बसून राहते, ऊन पायांवरून कमरेवर चढतं. त्यात राग आहे, हसू आहे, आणि बहिणी आहेत म्हणून थोडी मायाही आहे. मला बरं जमल्यासारखं वाटलं. 'सोडली' हे क्रियापद मी परिच्छेदातून काढून टाकलं होतं.

मावशींना वाचून दाखवलं, या खेपेला मुद्दाम, इकडं बघा म्हणून. त्या पिठाचे हात तसेच धरून ऐकत राहिल्या. गॅस बारीक केला.

"आन वर तिला भाकरी कोण देतंय?"

मी पानं उलटली. देवळाच्या कळसावर दीड पान होतं, समईच्या वातींवर एक परिच्छेद होता. जेवणावर एक ओळ नव्हती.

"आमची थोरली मंगळवार-शुक्कारी जोगव्याला यायची," मावशी म्हणाल्या. "परडी घिऊन. गावभर फिरून आमच्याबी दारात. उंबऱ्याच्या भाईर हुबी ऱ्हायची आन आई पीठ घालायची परडीत."

"आई काही बोलायची?"

"काय बोलती?" त्यांनी उंडा परातीत ठेवला, त्यावर पीठ भुरभुरलं. "दुसऱ्या जोगतिणीला मूठ घालायची. तिला सूप."